हॉपची बिअर ताजी प्यावी की मुरवावी?

काजूचा हंगाम आला की कोणते पेय केव्हा प्यावे, हे गोमंतकीयांना कोणी शिकवावे लागत नाही. बोंडूंचा निरो काही तासांतच आंबू लागतो, म्हणून तो काढला त्याच दिवशी प्यायचा. हुर्राकची गोडी हंगामापुरती. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली काजू फेणी मात्र वर्षानुवर्षे टिकते आणि जपून ठेवल्यास अधिक सौम्य होते. एकाच फळाच्या रसाची ही तीन रूपे आणि प्रत्येकाचे वय वेगळे. हे तारतम्य केवळ किनाऱ्यावरचे नाही. बिदर आणि कलबुर्गीच्या सीमाभागात, दुबलगुंडी व हुमनाबाद ज्या पट्ट्यात येतात तेथे, हैदराबाद संस्थानाच्या काळात शिंदी हा अबकारी महसुलाचा मोठा आधार होता. पहाटे उतरवलेली शिंदी सकाळी गोड लागते आणि दुपारपर्यंत आंबट होते, हे तेथील जुन्या पिढीला ठाऊक आहे.

गेल्या काही वर्षांत गोव्यातील दुकानांत आणखी एक पेय आले आहे. हॉपच्या फुलांचा भरघोस वापर केलेली बिअर, म्हणजेच ‘इंडिया पेल एल’ किंवा ‘आयपीए’. गोवा ब्रुइंग कंपनीची ‘एट फिंगर एडी’ आणि आर्बर ब्रुइंग कंपनीची ‘बीच शॅक’ ही तिची गोव्यातील परिचित नावे. पुण्यात २००९ मध्ये ‘डुलाली’ सुरू झाल्यापासून महाराष्ट्रातही अशा बिअरचा चाहतावर्ग वाढला. ही बिअर नेहमीच्या बिअरपेक्षा महाग असल्याने अनेक जण ती एखाद्या खास प्रसंगासाठी राखून ठेवतात. परदेशातून आणलेला डबा कपाटात महिनोन्महिने पडून राहतो. मुरल्यावर ती अधिक चांगली लागेल, अशीही एक समजूत असते. ती कितपत खरी आहे?

थोडक्यात उत्तर असे: हॉपच्या सुगंधासाठी केलेली बिअर ताजीच प्यावी. मुरवण्याजोगे अपवाद आहेत. पण ते मोजके आहेत आणि त्यांची घडणच वेगळी असते.

हॉप काय देते?

हॉप ही थंड प्रदेशात वाढणारी वेल आहे. भारतात तिची लागवड हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात होते. मद्यनिर्मितीसाठी लागणारे बरेचसे हॉप मात्र आयात केले जाते. तिच्या मादी फुलांत पिवळसर, चिकट भुकटीसारखे द्रव्य असते. त्यातील आम्ले उकळताना रूप बदलतात आणि बिअरला कडवटपणा देतात. हीच द्रव्ये दुग्धाम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंना रोखतात. त्यामुळे हॉप हे पूर्वीपासून बिअरचे संरक्षक द्रव्य मानले गेले. दुसरा भाग सुगंधी तेलांचा. संत्र्याची साल, आंबा, देवदाराचे लाकूड, ताजे गवत असे जे वास आयपीएत जाणवतात, ते या तेलांमुळे. ही तेले उकळताना उडून जातात. म्हणून आंबवण क्रिया चालू असताना किंवा संपल्यावर थंड बिअरमध्ये पुन्हा हॉप घालतात.

येथेच घोटाळा होतो. हॉपमुळे बिअर नासत नाही, म्हणून हॉप अधिक असलेली बिअर अधिक काळ चांगली राहील, असा निष्कर्ष काढला जातो. पण न नासणे वेगळे आणि चव टिकणे वेगळे. सहा महिने कपाटात राहिलेली आयपीए प्यायल्याने बहुधा कोणी आजारी पडणार नाही. परंतु ज्यासाठी अधिक पैसे मोजले, ती गोष्ट तिच्यात उरलेली नसेल.

साठवणीत काय घडते?

सर्वप्रथम सुगंध जातो. हॉपच्या तेलांचे प्राणवायूशी संयोग होऊन विघटन होते, तर काही अंश बाटलीच्या झाकणाच्या आतील अस्तरात शोषला जातो. त्यानंतर कडवटपणा बोथट होतो आणि जिभेवर रेंगाळू लागतो. हॉपची झाकण मागे पडल्यामुळे माल्टचा गोडवा वर येतो आणि मधासारखी, कधी करपलेल्या साखरेसारखी चव जाणवते. शेवटी ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. गढूळ, रसाळ प्रकारच्या आयपीएत हा बदल डोळ्यांनाही दिसतो: तिचा फिकट पिवळा रंग काळवंडून तपकिरी किंवा करडा होतो.

प्रकाशाचा परिणाम याहून जलद होतो. हॉपमधील कडू द्रव्यांवर ऊन पडले की गंधकयुक्त संयुग तयार होऊन उग्र दर्प येतो. पारदर्शक व हिरव्या बाटलीत हा धोका अधिक, तपकिरी बाटलीत कमी आणि डब्यात मुळीच नाही.

‘इंडिया’ नावामागील समुद्रप्रवास

मुरवण्याच्या समजुतीला इतिहासाचा आधार दिला जातो, आणि तो इतिहास मुंबई बंदराशी जोडलेला आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या बो भागातील जॉर्ज हॉजसन यांच्या मद्यशाळेतून फिकट रंगाची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून कलकत्ता, मद्रास व मुंबईला येऊ लागली. हॉजसन यांनी हा प्रकार शोधून काढला, असे म्हणणे बरोबर नाही. जहाजे नांगरत त्या ब्लॅकवॉलपासून त्यांची मद्यशाळा जवळ होती आणि जहाजांच्या कप्तानांना ते लांब मुदतीची उधारी देत, ही त्यांच्या यशाची खरी कारणे. १८२२ च्या सुमारास बर्टन येथील ऑलसॉप यांनी तशीच बिअर करण्यास सुरुवात केली आणि पुढे बास या मद्यशाळेनेही या व्यापारात नाव कमावले.

केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणारा हा प्रवास चार ते सहा महिन्यांचा असे आणि वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे. पिंपांतील बिअर त्या उष्णतेत आणि हेलकाव्यांत मुरत असे. भारतात उतरल्यावर ती स्वच्छ, कोरडी आणि चवदार लागे, अशी तिची ख्याती होती. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव मात्र त्यानंतर, १८२९ पासूनच्या जाहिरातींत आढळते.

मग मुरवणे लाभदायक ठरले, असे म्हणता येईल काय? त्या बिअरपुरते, होय. कारण ती मुरण्यासाठीच केलेली होती. जहाजावर चढण्यापूर्वीही ती महिनोन्महिने पिंपात ठेवली जाई. त्या लाकडी पिंपांत एक संथगतीने काम करणारे किण्व वास करीत असे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग मद्यशाळेतील एन. एच. क्लाउसेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लिश बिअरमधूनच ते वेगळे केले आणि त्याला ‘ब्रेटॅनोमायसिस’ असे नाव दिले. हे किण्व उरलेली साखर खाते, पिंपातील प्राणवायू वापरते आणि स्वतःची वेगळी चव निर्माण करते. हॉपचा ताजा सुगंध मावळला तरी त्याची जागा घेणारे काहीतरी तेथे असे. आजच्या बहुतेक आयपीएत ती जागा रिकामीच राहते.

मुरणारे अपवाद

बेल्जियममधील ऑर्वाल मठाची बिअर हे याचे जिवंत उदाहरण. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या या मठाच्या मद्यशाळेत बिअरला हॉपचा सुगंध देतात आणि बाटलीत भरताना ब्रेटॅनोमायसिसही घालतात. ताजी असता ती हॉपची. सहा महिन्यांनंतर ती कोरडी आणि मातकट गंधाची होते. दोन्ही अवस्थांचे वेगवेगळे चाहते आहेत. दुसरा अपवाद ‘बार्ली वाइन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीव्र बिअरचा. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडाची ‘बिगफूट’ ही भरपूर हॉप असलेली आणि सुमारे साडेनऊ टक्के मद्यार्काची बिअर लोक वर्षानुवर्षे साठवतात. तिच्यातही हॉपचा गंध जातोच; पण भरदार माल्टमुळे सुकामेवा, काकवी अशा चवी पुढे येतात.

कॅलिफोर्नियातीलच ‘स्टोन’ या मद्यशाळेने हा भेद नावातच मांडला. अमुक तारखेच्या आत प्या, असे बजावणारी त्यांची आयपीए साधारण पाच आठवड्यांत संपवायची असते. ब्रेटॅनोमायसिस घातलेली दुसरी बिअर त्यांनी अमुक तारखेनंतर प्या, असे सांगून विक्रीस आणली. बिअर मुरते की नाही, हे ती करणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. ग्राहकाचे कपाट ते ठरवू शकत नाही.

आपल्या हवामानाचा हिशेब

मद्यनिर्मात्यांमध्ये एक ढोबळ आडाखा प्रचलित आहे. सुमारे ३२ अंश सेल्सिअसला ३ दिवसांत, २२ अंशांना ३० दिवसांत आणि ३ अंशांना ३०० दिवसांत बिअरची जवळपास सारखीच हानी होते. हा काटेकोर नियम नव्हे, परंतु त्याचा मथितार्थ गोव्यात विसरून चालणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत पणजी किंवा मडगावच्या बंद खोलीत पारा सहज बत्तिशीच्या आसपास असतो. गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी अधिक. युरोपातील थंड तळघरासाठी लिहिलेला साठवणीचा सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. थंड बाटली एकदा बाहेर काढली म्हणून बिघडते, ही मात्र भीती अवाजवी आहे. महत्त्व आहे ते उष्णतेत गेलेल्या एकूण काळाला.

खरेदी करताना

- अंतिम मुदतीपेक्षा भरल्याची तारीख आधी पाहावी. सहा महिन्यांची मुदत ही बिअर पिण्यायोग्य असण्याची असते, सुगंध टिकण्याची नव्हे. आयपीए शक्यतो पहिल्या दोन-तीन महिन्यांत संपवावी.
- उन्हातल्या किंवा उघड्या फळीवरच्या बाटलीपेक्षा शीतकपाटातील डबा निवडावा.
- घरी आणताच ती शीतकपाटात, उभी ठेवावी.
- परदेशातून भेट आलेली आयपीए प्रसंगाची वाट न पाहता उघडावी. साठवायचेच असेल तर बार्ली वाइन किंवा ब्रेटॅनोमायसिसची बिअर घ्यावी आणि तीही थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी.

शंका उरली तर प्रयोग सोपा आहे. एकाच तारखेचे दोन डबे घ्यावेत. एक शीतकपाटात आणि दुसरा स्वयंपाकघरातील फळीवर ठेवावा. महिन्याभराने दुसराही थंड करून दोन्ही शेजारी ओतावेत. कपाटातल्या डब्याने काय गमावले, हे पहिल्याच घोटात कळेल. फेणीची बाटली नातवासाठी राखून ठेवावी. आयपीएला निरोचाच न्याय लावावा.