रिकामा राजवाडा आणि परतलेली तलवार : गोंदिया ते नागपूर, वस्तूंच्या वाटेने

१/ १८ ऑगस्ट २०२५ रोजी लंडनहून एक तलवार मुंबईत दाखल झाली. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक, पहिले रघुजीराजे यांची ही तलवार. महाराष्ट्र शासनाने ती लंडनच्या सदबीज लिलावगृहात २९ एप्रिल रोजी झालेल्या लिलावातून मिळवली. हाताळणी, वाहतूक व विमा धरून खर्च आला सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये. आपल्याच मातीतील राजाची तलवार आपल्याला विकत का घ्यावी लागली, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/ गोंदियाच्या वाचकांना वाटेल, नागपूरच्या राजाच्या तलवारीशी आमचा काय संबंध? संबंध थेट आहे. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु १८५४ पर्यंत हा सारा तलावांचा आणि धानाचा मुलूख नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यात होता. इथल्या जमीनदारांचा सारा त्या दरबारात जमा होई. तेव्हा तो राजवाडा आपलाही होता.

३/ राजवाडा पाहायला निघालेल्या माणसाच्या मनात एक चित्र असते : उंच दरवाजा, दिवाणखाना, भिंतीवर ढाली-तलवारी, काचेच्या कपाटात दागिने. इंग्लंडमधील विंडसर किल्ल्यात असे चित्र खरोखर दिसते. तिथे टिपू सुलतानच्या सिंहासनाचे सोन्याचे व्याघ्रमुख आहे आणि त्याच सिंहासनावरचा रत्नजडित हुमा पक्षीही आहे.

४/ ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला आणि विजयी सैन्यात वाटणी करण्यासाठी सिंहासनाचे तुकडे करण्यात आले. म्हणजे विंडसरची दालने भरलेली आहेत याचे एक कारण श्रीरंगपट्टणचा राजवाडा रिता झाला, हे आहे. एखाद्या राजवाड्याचे संग्रहालय पाहताना दुसरा कोणता राजवाडा मोकळा झाला, हेही विचारावे लागते. आता आपल्या मुलखात येऊ.

५/ सुरुवात गोंदिया तालुक्यातील कामठा या गावापासून. नागपूरजवळची लष्करी छावणी असलेली कामठी वेगळी, हा कामठा. भोसलेकाळात कामठा हे या भागातील सर्वांत महत्त्वाच्या जमीनदारीचे ठाणे होते, आणि इथे किल्ला होता. १८१८ साली या किल्ल्यावर लढाई झाली. ती का झाली, हे समजण्यासाठी एक वर्ष मागे जावे लागेल.

६/ २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी नागपुरात सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसले आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्या सैन्यांत लढाई झाली. भोसल्यांचा पराभव झाला. पुढे अप्पासाहेबांना कैद झाली. मे १८१८ मध्ये अलाहाबादकडे नेले जात असताना ते पहाऱ्यातून निसटले आणि रानावनांतून लढा चालू ठेवू लागले.

७/ त्याच वर्षी कामठ्याचे जमीनदार चिमणा पाटील यांनी बंड उभारले. कॅप्टन गॉर्डन याच्या फौजेने कामठा जिंकला. पाटलांची जमीनदारी गेली आणि पुढे ती एका लोधी घराण्याकडे सोपवण्यात आली. १८५७ च्या ३९ वर्षे आधीची ही घटना आपल्याच जिल्ह्यातील आहे. शालेय पुस्तकात मात्र ती शोधूनही सहसा सापडत नाही.

८/ १८१७-१८ च्या या धामधुमीतच भोसल्यांच्या खजिन्याचा आणि शस्त्रागाराचा मोठा भाग विजेत्यांच्या हाती गेला. रघुजीराजांची तलवार याच काळात बाहेर गेली असावी, असा तर्क शासनाने ती परत आणताना मांडला. तर्क सयुक्तिक आहे, पण तो तर्कच आहे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे. वस्तू हरवते तेव्हा तिच्याबरोबर तिची कागदपत्रेही हरवतात.

९/ नागपूरचे राज्य मात्र अजून संपले नव्हते. अप्पासाहेबांच्या जागी एका अल्पवयीन वारसाला तिसरे रघुजी म्हणून गादीवर बसवण्यात आले आणि कारभार रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या हाती गेला. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी वारले. त्यांना पुत्र नव्हता.

१०/ गव्हर्नर जनरल डलहौसी याने दत्तकाचा मार्ग नाकारला आणि १८५४ मध्ये राज्य खालसा केले. नागपूरचा रेसिडेंट मॅन्सेल याचे मत राजघराणे पुढे चालू ठेवावे असे होते. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातील कर्नल लो यानेही खालसा करण्यास विरोध नोंदवला. कंपनीचे सगळे अधिकारी एकमताचे होते, हा समज त्यामुळे खोटा ठरतो.

११/ राज्य गेल्यावर प्रश्न आला राजवाड्यातील वस्तूंचा. दागिने, जवाहीर, हत्ती, घोडे, बैल हे सारे राज्याचे की घराण्याचे? सरकारने ते राज्याचे ठरवले. जनावरांची विक्री सीताबर्डीला झाली. जवाहीर कलकत्त्याच्या बाजारात पाठवण्यात आले. येणारा पैसा ‘भोसला फंड’ या नावाने राजकुटुंबासाठी राखण्याचे ठरले.

१२/ दुसऱ्या रघुजींच्या विधवा, वृद्ध बाकाबाई, यांनी या विक्रीला कडाडून विरोध केला. विरोध का, हे समजून घेणे महत्त्वाचे. पैसा शेवटी कुटुंबाकडेच येणार होता, असे सरकार सांगत होते. परंतु दसऱ्याच्या मिरवणुकीतील हत्ती, पूजेतील शस्त्र आणि सासूने सुनेच्या हाती दिलेला दागिना यांची जागा फंडातील रक्कम घेत नाही. घराण्याची ओळख चारचौघांत बोली लावून विकली जात होती, आणि तेही त्याच नागपुरात.

१३/ वस्तू गेल्या; वास्तू उरली होती. काळ्या बेसॉल्ट दगडाचा, लाकडी कोरीवकामाने मढवलेला हा भोसल्यांचा वाडा १८६४ साली आगीत जळाला. फक्त मोठा दरवाजा बचावला, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरांत आहे. आजही नागपूरच्या त्या वस्तीला ‘महाल’ म्हणतात. ज्याच्यावरून नाव पडले तो वाडा जाऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली. नाव लोकांच्या तोंडी टिकले.

१४/ आता एक योगायोग पाहा. वाडा जळण्याच्या आदल्याच वर्षी, १८६३ मध्ये, नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय सुरू झाले. हाच आपला ‘अजब बंगला’. त्यामागे मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल होता. गोंदियाहून रेल्वेने साधारण १३० किलोमीटरवर, एका दिवसात जाऊन येण्याजोगे हे ठिकाण. शस्त्रे, नाणी, शिलालेख, शिल्पे, आदिवासी जीवनाच्या वस्तू आणि पशुपक्ष्यांचे नमुने, असा त्याचा पसारा आहे.

१५/ या संग्रहालयाच्या आरंभाशी स्टीफन हिस्लॉप हे नाव जोडलेले आहे. स्कॉटलंडहून आलेला हा मिशनरी जीवाश्म गोळा करी आणि गोंड समाजाच्या परंपरा टिपून ठेवी. ४ सप्टेंबर १८६३ रोजी नागपूरजवळ ओढ्याच्या पुरात त्याचा मृत्यू झाला. त्याची टिपणे टेंपलने १८६६ मध्ये छापली आणि त्यांत गोंडांचे लिंगोगीत होते.

१६/ हे लिंगोगीत म्हणजे आपल्या जिल्ह्याशी जुळणारा धागा. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहांत माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी जत्रा भरते. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांचे ते श्रद्धास्थान. परधानांच्या मुखातून आलेली कथा एका बाजूला छापील ग्रंथात बंद झाली आणि दुसऱ्या बाजूला कचारगडच्या डोंगरावर दरवर्षी जिवंत होते. कोणत्याही कपाटाबाहेरचे हे संग्रहालय आहे.

१७/ गोंडांचे नाव आले तेव्हा आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नागपूर वसवले ते गोंड राजा बख्त बुलंदशहाने. भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात ती सत्ता आपल्या हाती घेतली आणि गोंड राजाला नावापुरते ठेवले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगड, ज्याचा साताऱ्याच्या प्रतापगडाशी संबंध नाही, त्याच जुन्या गोंडकाळाची आठवण देतो. महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते, आणि त्याच परिसरातील दर्ग्यावरही भाविकांची रीघ लागते.

१८/ रघुजीराजांच्या तलवारीलाही दोन बाजू आहेत. १७४० च्या दशकात त्यांच्या फौजांनी बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या. १७५१ च्या तहाने ओरिसाचा ताबा आणि वर्षाला १२ लाख रुपये चौथाई मिळाली. महाराष्ट्रात हा पराक्रम म्हणून सांगितला जातो. बंगालमध्ये ‘बर्गी’ हा शब्द उच्चारला की आजही लुटीची आठवण निघते. लंडनने आपली वस्तू नेली याचे दुःख खरे आहे. बंगालचे दुःखही तेवढेच खरे आहे.

१९/ आणि खुद्द ती तलवार? तिचे पाते युरोपीय बनावटीचे, सरळ आणि एकधारी. अशा तलवारीला आपल्याकडे ‘फिरंग’ म्हणत. मूठ मराठा धाटणीची, तिच्यावर सोन्याचे नक्षीकाम. पात्यावर देवनागरीत सोन्याने रघुजीराजांचे नाव आणि छत्रपती शाहू महाराजांनी दिलेला ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब. युरोपातून आलेले पाते इथे मराठी झाले, मग पुन्हा युरोपात गेले आणि पावणेतीनशे वर्षांच्या प्रवासानंतर परतले.

२०/ ते नाव कोरलेले नसते तर काय झाले असते? लिलावाच्या यादीत ती ‘एक जुनी भारतीय तलवार’ एवढीच ठरली असती, आणि कुणी तिच्यामागे धावले नसते. कामठ्याच्या लढाईत वापरलेली तलवार आज कुठल्या कपाटात असेल तर ती अशीच निनावी पडून असेल. वस्तू जपायची तर तिची हकीकतही जपावी लागते, हा या धाग्याचा मुख्य मुद्दा.

२१/ दुसरे उदाहरण शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरियाचे. १८७० साली गुरे राखणाऱ्या दोन मुलांना जमिनीतून डोकावणारे तांब्याचे तुकडे दिसले. खणल्यावर ४२४ तांब्याच्या वस्तू निघाल्या, वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारे ३७६ किलो. सोबत चांदीचे १०२ पातळ पत्रे, काही गोल, काही बैलाच्या मुखाच्या आकाराचे. हा ठेवा पुढे वाटला गेला. काही नग नागपूरच्या संग्रहालयात, काही ब्रिटिश म्युझियममध्ये.

२२/ ठेवा विखुरला, तरी त्याची ओळख शाबूत राहिली. जागा, संख्या आणि वजन यांची वेळीच नोंद झाली म्हणूनच आज कोणताही अभ्यासक हे नग पुन्हा एकत्र मांडून विचार करू शकतो. भोसल्यांच्या कलकत्त्यात विकल्या गेलेल्या जवाहिराबाबत ती सोय नाही. एकदा दागिना मोडून त्याचे हिरे वेगळ्या कोंदणात बसले की तो कोणत्या राणीचा, हे सांगणारे काहीच उरत नाही.

२३/ म्हणून यापुढे अजब बंगल्यात, मुंबईच्या संग्रहालयात किंवा परदेशातील एखाद्या किल्ल्यात गेलात, तर प्रत्येक कपाटापुढे तीन प्रश्न विचारा. ही वस्तू मूळ कुठली? ती लुटीतून, लिलावातून, भेटीतून की उत्खननातून इथवर आली? आणि पाटीवर हे लिहिले आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तुमच्या अभ्यासाचा विषय तुम्हाला तिथेच सापडला.

२४/ हेच काम घरीही करता येते. आपल्याकडे कितीतरी जुन्या घरांत खंडेनवमीला माळ्यावरची तलवार खाली येते, हळदकुंकू लागते आणि पुन्हा वर जाते. या वर्षी ती वर ठेवण्यापूर्वी आजोबांना विचारा : ही कुणाची, कुणी दिली, कोणत्या गावाहून आली? छायाचित्र काढा, तारीख घालून लिहून ठेवा. सनदा आणि वतनाची कागदपत्रे असतील तर त्यांनाही वाळवीपासून वाचवा.

२५/ कायदाही माहीत असावा. शेतात किंवा तलावाच्या गाळात जुना ठेवा सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार खाजगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. बाकाबाईंच्या काळी असा एकही कायदा त्यांच्या बाजूने उभा नव्हता.

२६/ गोंदियात पाहायला भरलेला राजवाडा नाही. कामठ्याच्या लढाईची आठवण आहे, प्रतापगडचा डोंगर आहे, कचारगडच्या गुहा आहेत. त्यांच्या वस्तू कुठे गेल्या, हे शोधणे तुमच्या पिढीच्या हाती आहे. तुमच्या गावातील अशी एखादी वस्तू किंवा हकीकत ठाऊक असेल तर खाली जरूर लिहा. सांगणाऱ्याचे नाते आणि ऐकल्याचे वर्ष लिहायला विसरू नका. पुढच्या कुणाला तरी माग काढताना तोच दाखला उपयोगी पडेल.