कार्नोचा ग्रंथ आणि त्याचे वाचक

ग्रंथाचे भवितव्य ग्रंथकाराइतकेच वाचकांच्याही हाती असते, हे साहित्याच्या इतिहासात आपण अनेकदा पाहतो. शास्त्राच्या इतिहासातील याचेच एक उदाहरण येथे मांडावयाचे आम्ही योजिले आहे.

१८२४ साली पॅरिस येथे सादी कार्नो या २८ वर्षांच्या लष्करी अभियंत्याने अग्नीच्या प्रेरक शक्तीविषयी एक छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे वडील लाझार कार्नो हे क्रांतिकाळातील फ्रान्सचे सेनासंघटक व यंत्रशास्त्राचे अभ्यासक होते. शिराझचा फार्सी कवी सादी याचे नाव त्यांनी मुलास दिले होते.

त्या काळी वाफेच्या यंत्रात इंग्लंड पुष्कळ पुढे होते. न्यूकोमेनचे यंत्र १७१२ मध्ये उभे राहिले. वाफ निराळ्या पात्रात थंड करण्याच्या युक्तीचे पेटंट जेम्स वॅटला १७६९ मध्ये मिळाले. यंत्रे सुधारत होती. परंतु या सुधारणेस अखेरची मर्यादा आहे काय, हे कोणी सांगू शकत नव्हते. कार्नोने नेमका हाच प्रश्न हाती घेतला.

त्यासाठी त्याने एक आदर्श यंत्र कल्पिले. दट्ट्याच्या नळकांड्यातील वायू प्रथम उष्ण पदार्थाच्या सान्निध्यात, तापमान न बदलता प्रसरण पावतो. नंतर उष्णतेची आवकजावक बंद केली असता तो प्रसरत राहून थंड होतो. पुढे थंड पदार्थाच्या सान्निध्यात, तापमान कायम ठेवून, तो दाबला जातो. आणि अखेरीस उष्णतेपासून अलग ठेवून दाबल्यावर पूर्वस्थितीस येतो. हे चक्र उलटही फिरविता येते. याहून सरस यंत्र असते, तर त्याच्या जोरावर हे चक्र उलट फिरवून फुकट शक्ती मिळाली असती. ते अशक्य आहे. म्हणून यंत्राची परमावधी, आत वाफ असो वा हवा, केवळ दोन तापमानांवर ठरते. आजच्या परिभाषेत, उष्ण बाजू ४०० केल्विन व थंड बाजू ३०० केल्विन असल्यास शंभर भाग उष्णतेतून पंचवीस भागांहून अधिक काम कोणत्याही यंत्रास काढता येणार नाही.

विशेष हे की, उष्णता हा एक अविनाशी द्रव आहे, या तत्कालीन समजुतीवर ही मांडणी उभी होती. पाणी उंचावरून पडताना चक्र फिरविते, पण स्वतः कमी होत नाही. तशीच उष्णता, असे त्याने ग्रंथात मानले. आधार सदोष, पण सिद्धान्त टिकाऊ ठरला.

ग्रंथाचे अनुकूल परीक्षण आले, तथापि अभियंत्यांनी त्याची दखल घेतली नाही. २४ ऑगस्ट १८३२ रोजी कार्नो पटकीने वारला आणि संसर्गाच्या भीतीने त्याची बहुतेक कागदपत्रे नष्ट झाली. १८३४ मध्ये क्लापेरॉनने त्याचा विचार आलेखाच्या व गणिताच्या भाषेत पुन्हा मांडला. तो लेख वाचून विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, १८४५ मध्ये पॅरिसच्या पुस्तकविक्रेत्यांकडे मूळ ग्रंथ शोधीत फिरले. तो मिळाला नाही. तरीही त्याच तत्त्वाच्या आधारे त्यांनी १८४८ मध्ये निरपेक्ष तापमानमापनाची कल्पना मांडली. १८५० मध्ये क्लॉसियसने जुना आधार काढून टाकला: उष्णतेचा एक भाग कामात रूपांतरित होतो व उरलेला थंड बाजूस जातो. सिद्धान्त मात्र त्याने राखला. १८७८ मध्ये कार्नोच्या भावाने उरलेली टिपणे छापली, तेव्हा उष्णता ही गती आहे, या मताकडे कार्नो स्वतःच वळला होता, असे दिसून आले.

आज वर्गात फळ्यावर चार वक्ररेषांनी जे कार्नोचे चक्र काढले जाते, ते चित्र कार्नोच्या ग्रंथात नाही; ते क्लापेरॉनचे आहे. आम्हांस हे फार अर्थपूर्ण वाटते. परीक्षणकाराची प्रशंसा ग्रंथास तारू शकली नाही. ज्याने तो समजून घेऊन आपल्या भाषेत पुन्हा मांडला, त्याने तारला. शिक्षकाचे व साहित्यसंस्थेचे काम याहून निराळे नाही. तसेच, आधार चुकला म्हणून सारा विचार फेकून न देता त्यातील सत्य निवडून घेण्याचा क्लॉसियसचा विवेक विद्यार्थ्यांस सूत्राइतकाच आवर्जून शिकविला पाहिजे.