एका बोलीच्या अनेक चिठ्ठ्या : पोहरादेवीच्या निमित्ताने

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे बंजारा समाजाचे प्रमुख श्रद्धास्थान होय. परंपरेनुसार १७३९ ते १८०६ हा ज्यांचा काळ मानला जातो, त्या संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. रामनवमीच्या यात्रेस कर्नाटक, तेलंगण व आंध्र येथील तांड्यांतूनही लोक येतात. स्वतःस ते गोर आणि आपल्या भाषेस गोरबोली म्हणतात. परस्परांशी बोलताना त्यांना दुभाष्याची गरज पडत नाही. परंतु त्यांची मोजदाद सुरू झाली, की तीच मंडळी निरनिराळ्या कप्प्यांत जाऊन पडतात.

रूढ नावे बहुतांशी इतरांनी दिलेली आहेत. 'बंजारा' हा शब्द वाणिज्याशी आणि 'लमाण' हा लवणाशी, म्हणजे मिठाशी, जोडला जातो. तेलुगु मुलखात लंबाडा व सुगाली, कन्नड मुलखात लंबाणी. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ वाहण्याचा धंदा लोहमार्ग आल्यावर मोडला; धंद्यावरून पडलेले नाव मात्र राहिले.

ग्रियर्सनच्या भाषापाहणीचा संबंधित भाग १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्याने 'बंजारी किंवा लभाणी' असे एकच शीर्षक योजले, म्हणजे नावे दोन मानली, पण नोंद एक ठेवली. कर्नाटकाच्या अनुसूचित जातींच्या यादीतही बंजारा, लंबाणी, लंबाडा, लंबाडी, लमाणी, सुगाली, सुकाली ही सात रूपे एकाच नोंदीत आहेत. (हाच समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत व तेलंगणात अनुसूचित जमातींत मोडतो; तो विषय वेगळा.)

जनगणनेच्या भाषातक्त्यांत ही दक्षता दिसत नाही. २०११ च्या तक्त्यात 'बंजारी' १५,८१,२७१ आणि 'लमाणी/लंबाडी' ३२,७६,५४८ अशा दोन नोंदी आहेत. लमाणी व लंबाडी यांना तिरक्या रेघेने जोडणाऱ्याने बंजारीस बाहेर का ठेवावे, हे उमगत नाही. शिवाय दोन्ही नोंदी 'हिंदी' या शीर्षाखाली मिळवल्या आहेत. त्यांची बेरीज ४८,५७,८१९ होते. आठव्या अनुसूचीतील कोंकणीचा त्याच वर्षीचा आकडा २२,५६,५०२, तर डोगरीचा २५,९६,७६७ आहे. अनुसूचीत समावेशाची मागणी करणाऱ्या गोरबोलीस या बेरजेचे मोल किती, हे सांगावयास नको.

संगणकांच्या व्यवहारात हाच प्रश्न नित्य उद्भवतो. अनेक यंत्रांना कामे वाटून देताना प्रत्येक यंत्रावर एक चिठ्ठी असते व कामावर तिचीच मागणी लिहिलेली असते. एकाच जातीच्या यंत्रांवर दोन निराळ्या चिठ्ठ्या लागल्या, तर निम्मी यंत्रे रिकामी असताना काम खोळंबते. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतावलीने (आयएसओ ६३९-३, २००७) यावर उपाय योजला आहे. तेथे या बोलीस 'एलएमएन' हे तीन अक्षरी चिन्ह आहे. एका भाषेस दिलेले चिन्ह पुढे दुसरीस दिले जात नाही. नाव बदलले, तरी चिन्ह टिकते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. उत्तरेत बंजारा म्हणविणारे सर्वच हीच बोली बोलतात असे नव्हे. तेव्हा केवळ नामसादृश्यावरून नोंदी एकत्र करणे हा उलट दिशेचा प्रमाद ठरेल. म्हणून कुटुंबाने सांगितलेले नाव प्रगणकाने जसेच्या तसे टिपावे आणि त्यावर समान चिन्ह बोलीची तपासणी केल्यानंतरच चढवावे. ही तपासणी पोहरादेवीच्या यात्रेत आरंभिता येईल. चार राज्यांतील बोलणारे तेथे एकाच आवारात भेटतात.