नदीच्या खालच्या अंगाला

जुन्या अमेरिकी बोलीत 'सोल्ड डाउन द रिव्हर' असा एक वाक्प्रयोग आहे. शब्दशः अर्थ 'नदीच्या खालच्या अंगाला विकला गेला'. रूढ अर्थ, आपल्याच माणसाने दगा दिला. मराठीत 'केसाने गळा कापणे' सहज सुचते आणि ते चूकही नाही. मात्र त्यात नदी उरत नाही, आणि आमच्या मते या शब्दांचा सारा इतिहास त्या नदीतच आहे.

ही नदी मिसिसिपी. १ जानेवारी १८०८ पासून अमेरिकेने परदेशांतून गुलाम आणण्यास बंदी केली. देशांतर्गत खरेदी-विक्री मात्र चालू राहिली. त्याच काळात दक्षिणेत कापसाचे आणि लुइझियानात उसाचे मळे वाढत होते. केंटकीसारख्या राज्यांतील गुलामांना ओहायो व मिसिसिपी या नद्यांवरून नॅचेझ आणि न्यू ऑर्लिन्सच्या बाजारांत नेले जाई. कित्येकांना साखळदंडांनी जखडून पायीही नेले. १८६१च्या गृहयुद्धापूर्वीच्या सुमारे सात दशकांत, विक्रीमुळे वा मालकांच्या स्थलांतरामुळे, जवळजवळ दहा लाख माणसे अशी दक्षिणेकडे लोटली गेली. मळ्यांवरचे कष्ट भयंकर होतेच. पण मागे राहिलेली आई, पत्नी वा मूल बहुधा पुन्हा दिसत नसे. म्हणूनच 'खाली विकीन' एवढी धमकी पुरेशी होती.

या व्यवहारातून दग्याचा अर्थ कसा निघाला, हे मार्क ट्वेनकडे दिसते. 'हकलबरी फिन'मध्ये (१८८४) जिमला खाली विकणार नाही, असे मालकीण नेहमी सांगत असते. आठशे डॉलर समोर येताच तिचे मन डळमळते. जिम पळतो तो हे कानी पडल्यावर. 'पुडनहेड विल्सन'मध्ये (१८९४) रॉक्साना मुलासाठी स्वतःला विकू देते. अट एवढीच, की वरच्या भागात विकावे. मुलगा तिला गुपचूप खालच्या मळेवाल्याला विकतो. बोटीवर असताना पाण्याच्या ओढीवरून तिला कळते, की आपण प्रवाहाबरोबर खाली चाललो आहोत.

विसाव्या शतकात हा प्रयोग गुलामगिरीपासून सुटला. कामगारांना पुढाऱ्यांनी, मतदारांना पक्षाने 'नदीखाली विकले', असे म्हटले जाऊ लागले. वचनभंग शब्दांत टिकला. ज्याची किंमत ठरत असे तो माणूस मात्र गळाला. वर्गात हे शब्द आले, की आम्ही आधी नकाशा उघडतो आणि नदी कोणत्या दिशेने वाहते, ते विद्यार्थ्यांना बोटाने दाखवायला सांगतो.