नरक (ख्रिस्ती प्रवचनातील स्थान)

पश्चात्तापाविना मरणारा पापी देवाला कायमचा दुरावतो, या ख्रिस्ती श्रद्धेची प्रवचनातून होणारी मांडणी. मेलेल्यांची गत सांगण्यापेक्षा समोर बसलेल्या जिवंत माणसाला वेळेत सावध करणे, हे तिचे मुख्य प्रयोजन होय.

नव्या करारातील ‘गेहेन्ना’ हा शब्द यरुशलेमलगतच्या हिन्नोमच्या खोऱ्यावरून आला. तेथे पोटच्या मुलांचा होम होत असे. यिर्मया संदेष्ट्याने त्याचा धिक्कार केला. मराठी बायबलमध्ये ‘गेहेन्ना’साठी ‘नरक’, तर मृतांच्या वस्तीसाठी ‘अधोलोक’ असे वेगळे शब्द आहेत. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात अखेरच्या न्यायाची कसोटी साधी आहे : भुकेल्याला अन्न दिले का, तुरुंगातल्याची विचारपूस केली का.

नरकाची शिक्षा सार्वकालिक की शुद्धीपुरती, हा वाद जुना आहे. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती धर्मचिंतक ओरिजेनने अखेर सर्वांचा उद्धार होण्याची आशा धरली. ऑगस्टीनने (354–430) शिक्षा अनंत मानली. पाश्चात्त्य चर्चमध्ये ऑगस्टीनचे मत रुजले.

नरकविषयक प्रवचनांत जोनाथन एडवर्ड्‌स (1703–58) यांचे ‘क्रुद्ध देवाच्या हातातील पापी’ हे प्रवचन सर्वाधिक प्रसिद्ध आहे. 8 जुलै 1741 रोजी उत्तर अमेरिकेतील एनफील्ड गावी त्यांनी ते दिले. त्याला आधार बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकातील 32:35 या वचनाचा होता. तरुणपणी एडवर्ड्‌सनी कोळ्यांचे बारकाईने निरीक्षण केले होते. या प्रवचनात पापी माणूस त्यांना विस्तवावर धरलेल्या कोळ्यासारखा दिसतो. तो खाली पडत नाही, कारण देवाने अजून हात सोडलेला नाही. उपस्थित पाद्री स्टीफन विल्यम्स यांच्या रोजनिशीनुसार, तारणाची वाट विचारणाऱ्या लोकांचा आक्रोश इतका वाढला की प्रवचन थांबवावे लागले. मग पाद्री खाली उतरले आणि जागोजागी लोकांशी बोलू लागले. छापील प्रवचनाच्या अखेरीस मात्र ख्रिस्ताने दयेचे दार सताड उघडले आहे, असे आमंत्रण आहे. ते वगळून केवळ आगीची वर्णने वाचणे एडवर्ड्‌सवर अन्याय करणारे ठरते.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी जुलै 1999 मध्ये नरक ही जागा नसून देवापासून स्वेच्छेने तुटलेल्या माणसाची अवस्था आहे, असे स्पष्ट केले. आज अनेक धर्मोपदेशक आगीच्या वर्णनापेक्षा या दुराव्यावर भर देतात. भीती श्रोत्याला दारापर्यंत आणते; आत येण्याचे बोलावणे नसेल, तर प्रवचन अपुरेच राहते.