बरेच दिवस उभी असलेली मोटारसायकल सुरू होत नाही? या क्रमाने तपासा

ऊसतोडीला गेलेले कुटुंब चार-पाच महिन्यांनी गावी परतते, तोपर्यंत गाडी घरी उभी असते. पावसाळ्यात शेतरस्ता चिखलाने बंद झाला, तरी ती गोठ्यात पडून राहते. मग दूध डेअरीवर पोचवायचे असते किंवा फवारणीचे औषध आणायचे असते, त्याच सकाळी कितीही किक मारली तरी गाडी सुरू होत नाही. अशा वेळी बहुधा इंजिनात मोठा बिघाड नसतो. उतरलेली बॅटरी आणि शिळे पेट्रोल ही दोन मुख्य कारणे असतात, आणि ती घरच्या घरी तपासता येतात. सुटे भाग बदलण्याआधी बिनखर्चाची तपासणी पूर्ण करा.

किक मारण्यापूर्वी

- लाल किल स्विच चालू स्थितीत आहे का आणि गाडी न्यूट्रलमध्ये आहे का, ते पाहा. नव्या गाड्यांत साइड स्टँडलाही स्विच असतो. स्टँड खाली असेल तर काही गाड्या सुरूच होत नाहीत.
- सीट व बाजूची झाकणे काठीने हलवून मगच हात घाला. गोठ्यात किंवा गोदामात उभ्या गाडीत उंदीर, विंचू, साप आसरा घेतात.
- उंदरांनी वायर कुरतडल्या आहेत का, ते पाहा. सोललेली वायर दिसल्यास चावी फिरवू नका.
- इंजिन ऑइलची पातळी तपासा. ऑइल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी गेले आहे. ते बदलल्याशिवाय इंजिन चालवू नका.
- चावी बंद ठेवून किक हाताने हळू दाबा. किक अजिबात हलत नसेल तर जोर लावू नका, गिअरमध्ये टाकून धक्काही देऊ नका. आत गंज धरला असण्याची शक्यता असते, म्हणून मेकॅनिकला दाखवा.

१. बॅटरी

हॉर्न बारीक वाजतो, इंडिकेटर मंद लागतो, सेल्फ मारल्यावर नुसता ‘टक-टक’ आवाज येतो, ही बॅटरी उतरल्याची लक्षणे आहेत. मीटर असल्यास मोजा. पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली आकडा आला तर ती चार्ज करावीच लागते.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड असेल तर आधी वजा (−) आणि नंतर अधिक (+) वायर काढा. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसा आणि कोरडे करा. जोडताना आधी अधिक, मग वजा.

बॅटरी सावकाश चार्ज करा. ४ अँपिअर-अवरच्या बॅटरीला सुमारे ०.४ अँपिअर करंट पुरतो. घाईच असेल तर ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून केबल जोडता येते, मात्र ट्रॅक्टरचे इंजिन बंद ठेवा. फुगलेल्या किंवा गळणाऱ्या बॅटरीला केबल जोडू नका.

जुन्या कार्ब्युरेटरच्या अनेक गाड्या बॅटरी उतरलेली असतानाही किकवर सुरू होतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत फ्यूएल इंजेक्शन असते. त्यांच्या पेट्रोल पंपाला वीज लागते. चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक घरघर ऐकू आली पाहिजे. ती येत नसेल तर आधी बॅटरी व फ्यूज तपासा. तोपर्यंत किक मारत राहणे व्यर्थ आहे.

२. पेट्रोल

पेट्रोलमधील हलका, लवकर पेट घेणारा भाग उडून जातो आणि उरलेल्याचा चिकट थर जमतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषते. ओलावा जास्त झाला की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते.

तपासणी सोपी आहे. थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून १५ मिनिटे स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला, रंग गडद झाला असेल किंवा वार्निशसारखा वास आला तर टाकी पूर्ण रिकामी करून ताजे पेट्रोल भरा. हे काम उघड्यावर करा. जवळ चूल, विडी, चालू मोटार नको. काढलेले पेट्रोल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल कॉक बंद करा आणि खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून साचलेले पेट्रोल काढा. मग स्क्रू घट्ट करून कॉक उघडा, एक मिनिट थांबा, चोक ओढा आणि किक मारा. तरीही पेट्रोल पोचत नसेल तर जेट तुंबलेला असतो. जेटमध्ये तार घालू नका, त्याचे छिद्र मोठे होते. तो क्लीनर व हवेने साफ करून घ्या.

३. प्लग

प्लगभोवतीची धूळ आधी पुसा, मग प्लग काढा.

- प्लग कोरडा: पेट्रोल पोचत नाही. मागची पायरी पुन्हा तपासा.
- प्लग पेट्रोलने ओला: पेट्रोल पोचते, पण ठिणगी कमजोर आहे किंवा किक मारून पेट्रोल जास्त झाले आहे. चावी बंद ठेवून थ्रॉटल पूर्ण उघडा, आठ-दहा किक मारा, प्लग कोरडा करून बसवा.
- प्लग काळा, काजळी धरलेला: ब्रशने साफ करा. टोक झिजले असल्यास नवा बसवा.

प्लग आधी हाताने फिरवून बसवा. सुरुवातीलाच पाना लावल्यास आटे बिघडतात.

४. हवा

एअर फिल्टरचे झाकण उघडा. उंदरांनी तिथे कापूस, भुसा भरलेला असतो. सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारमाशीने मातीचे घर केले आहे का, तेही पाहा.

सुरू झाल्यावर

लगेच वजन लादून निघू नका. दोन-तीन मिनिटे इंजिन चालू ठेवा. टायरमधील हवा, टायरच्या भेगा, चेनला तेल आणि पुढचा-मागचा ब्रेक तपासा. ड्रम ब्रेक गंजाने अडकलेला असू शकतो, म्हणून आधी अंगणातच सावकाश चालवून पाहा.

पुन्हा उभी ठेवताना

- महिन्यापेक्षा जास्त उभी राहणार असल्यास टाकी जवळजवळ भरून ठेवा. रिकाम्या जागेत ओलावा धरून लोखंडी टाकी गंजते.
- कार्ब्युरेटरच्या गाडीत कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.
- बॅटरीची वजा वायर काढून ठेवा.
- गाडी खताच्या पोत्यांजवळ उभी करू नका. सांडलेले खत ओलावा ओढते आणि धातू व वायरचे जोड गंजवते.
- प्लास्टिकऐवजी हवा खेळेल असे कापड झाका.
- घरी कोणी असल्यास दर पंधरवड्याला १५-२० मिनिटे गाडी चालवायला सांगा. जागेवर दोन मिनिटे इंजिन चालवल्याने बॅटरी भरत नाही.

पेट्रोलवर चालणारे फवारणी पंप व पॉवर वीडर हंगामानंतर सुरू होत नसतील, तर तिथेही शिळे पेट्रोल, तुंबलेला कार्ब्युरेटर आणि प्लग हाच क्रम धरा.