धक्का ओळखावा, अपघात कसा ओळखावा?

मोटारीचे चाक खड्ड्यात आदळले तरी धक्का बसतो आणि मोटार झाडावर आदळली तरी धक्का बसतो. आत बसलेल्या माणसाला या दोहोंतला फरक कोणी सांगावा लागत नाही. पण हाच फरक एखाद्या यंत्राने ओळखायचा आहे, आणि तोही पापणी लवण्याच्या आत, असे म्हटले तर? मोटारीतल्या एअरबॅगचा इतिहास पाहिला तर हवेची पिशवी फुगवण्याइतकाच ती केव्हा फुगवायची हा प्रश्नही अवघड ठरलेला दिसतो.

1952 साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात जॉन हेट्रिक नावाचे अभियंते पत्नी आणि लहान मुलीसह मोटारीतून चालले होते. समोर अचानक मोठा दगड दिसला. तो चुकवताना गाडी रस्त्याकडेच्या चरात गेली. मुलगी पुढच्या सीटवर दोघांच्या मध्ये बसली होती. तिला सावरायला दोघांचेही हात आपोआप पुढे गेले. हातांचे हे काम एखादी वस्तू करू शकेल का, या विचारातून हेट्रिक यांनी फुगणाऱ्या उशीची कल्पना मांडली आणि 1953 साली तिचे पेटंट मिळवले. जर्मनीत वाल्टर लिंडरर यांनी अशाच कल्पनेसाठी 1951 साली अर्ज केला होता. त्यांच्या योजनेत पिशवी एकतर चालकाने स्वतः उघडायची, नाहीतर बंपरला धडक बसल्यावर ती उघडायची. हेट्रिक यांनी मात्र जडत्वाचा उपयोग केला. गाडी एकदम थांबली की स्प्रिंगने रोखून धरलेले वजन पुढे सरकते आणि दाबाखालच्या हवेची वाट मोकळी होते.

कल्पना सोपी वाटते. पण वजन किती धक्क्याला सरकावे? येथे आपण थोडे गणित करू. समजा, गाडीच्या सांगाड्यावर हातोडा बसला आणि संवेदकापाशी 500 मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे त्वरण निर्माण झाले. म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे पन्नास पट. पण ते टिकले फक्त एक सहस्रांश सेकंद. दोहोंचा गुणाकार केला तर वेगातला बदल येतो अर्धा मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी दोन किलोमीटरच्या आत. आता दुसरा धक्का घेऊ. त्वरण 200, पण टिकले पन्नास सहस्रांश सेकंद. वेगातला बदल 10 मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी 36 किलोमीटर! पहिल्या धक्क्याचे शिखर उंच, तरी जीवघेणा आहे तो दुसराच. म्हणजे त्वरण आणि काळ यांचा आलेख काढला, तर नुसती उंची पाहून भागत नाही. आलेखाखालचे क्षेत्रफळ पाहावे लागते.

क्षेत्रफळ मोजणारे एक साधे साधन अमेरिकेतील ॲलन ब्रीड यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस विकसित केले. एका लहान नळीत पोलादी गोळी असते आणि मागच्या बाजूचे चुंबक तिला धरून ठेवते. गाडी एकदम मंदावली की गोळी चुंबकापासून सुटून पुढे जाते, टोकाच्या दोन पट्ट्यांना टेकते आणि विद्युतमंडल पूर्ण होते. खुबी आहे ती गोळी आणि नळी यांच्यातल्या अगदी अरुंद फटीत. गोळीपुढची हवा या फटीतून हळूहळूच मागे येते, म्हणून गोळीला मोठा पण क्षणिक धक्का बसला तरी ती टोकापर्यंत पोचत नाही. धक्का टिकला तरच पोचते. संगणक नाही, आकडेमोड नाही. हवेचा विरोधच आलेखाखालचे क्षेत्रफळ मोजतो. शिवाय अनेक गाड्यांत एकाच संवेदकावर विसंबत नसत. एक पुढच्या भागात आणि दुसरा आतल्या बाजूला बसवलेला असे. दोघांची साक्ष जुळली तरच पिशवी फुगे.

तरीही एक अडचण उरतेच. संपूर्ण क्षेत्रफळ कळेपर्यंत अपघात होऊन गेलेला असतो! पिशवी फुगायला सुमारे 30 सहस्रांश सेकंद लागतात. बसलेला माणूस सुमारे साडेबारा सेंटिमीटर पुढे सरकायच्या आत ती भरलेली असावी, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम होता. म्हणजे आलेखाचा सुरुवातीचा तुकडा पाहूनच उरलेल्या भागाचा अंदाज बांधायचा. गाडी भिंतीवर सपाट आदळली तर आलेख लगेच वर चढतो. पण खांबावर आदळली तर पुढचा पत्रा आधी सहज चेपतो, आलेख रेंगाळतो आणि निर्णयाला उशीर होतो. मग पिशवी उघडते तेव्हा डोके तिच्या अगदी जवळ आलेले असू शकते.

याची किंमत मोजावी लागली. 1990 च्या दशकात अमेरिकेत साध्या, कमी वेगाच्या धडकेत पिशवी जोराने उघडल्यामुळे काही लहान मुले आणि पिशवीच्या फार जवळ बसलेले चालक दगावले. ज्या पिशवीने हजारो जीव वाचवले, तिनेच हे घेतले. त्यानंतर पिशव्यांचा जोर कमी केला गेला. सीटवर किती वजन आहे, पट्टा बांधला आहे का, हेही संवेदक पाहू लागले. याच दशकात गोळीची जागा सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेल्या सूक्ष्म त्वरणमापकांनी घेतली. कंगव्याच्या दातांसारखे त्यांचे भाग धक्क्याने किंचित सरकतात आणि त्यांची विद्युतधारिता बदलते. आता सगळा आलेखच संगणकाच्या हाती आला.

भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. युरोपात 2018 पासून मोटारींच्या नव्या नमुन्यांत मोठ्या अपघातानंतर आपोआप मदत मागणारी यंत्रणा आवश्यक झाली. 2022 साली ॲपलच्या फोनमध्येही अपघात ओळखण्याची सोय आली. हा फोन त्वरणाबरोबर वेग, आवाज आणि हवेचा दाबही तपासतो. तरी त्याच वर्षी ओहायो राज्यातील एका मनोरंजन उद्यानात झोकदार पाळणागाडीत बसलेल्यांच्या फोनांनी अपघात झाला असे समजून मदतकेंद्राला फोन लावले. अशा प्रत्येक खोट्या हाकेला उत्तर देताना खऱ्या हाकेला उशीर होऊ शकतो.

हा पेच वर्गात करून पाहता येईल. खेळण्यातल्या गाडीवर एक पारदर्शक नळी आडवी, गाडीच्या दिशेने चिकटवा. तिच्या मागच्या टोकाला बाहेरून चुंबक लावा आणि आत सायकलच्या बेअरिंगमधली पोलादी गोळी ठेवा. गाडी कधी पेन्सिलीवरून न्या, कधी पुस्तकावर आदळवा. गोळी विनाकारण किती वेळा सुटली आणि सुटायला हवी असताना किती वेळा राहिली, याच्या दोन नोंदी ठेवा. आता चुंबक आणि नळी यांच्यात कागदाचे थर वाढवत जा. एक आकडा कमी होईल तसा दुसरा वाढत जाईल. कोणती चूक अधिक महाग, हे गोळी सांगणार नाही; ते विद्यार्थ्यांनी आपसात ठरवावे, आणि का ते लिहून काढावे.